आईची पिचकारी पाठवत नाहीये

टेचिमान,
सोमवार, १२ ऑगस्ट

प्रिय बोआतेमा,

तुला नि मुलांना आशीर्वाद. मी बरी आहे. बाजारात यामचे नवे कंद आलेत. तुझ्या गुडघ्याचं तेल भाचीकडे, मन्साकडे देतेय, आणि हे पत्रही तिच्याच हाती. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

गुरुवारच्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी ती पोट साफ करायची पावडर प्यायला नको म्हणतेस आणि आईची बेंटुआ, ती एनिमाची पिचकारी, मागतेस. "ताई, आपण त्या तांबड्या रबरी पिचकारीवरच वाढलो की," असं लिहिलंयस. खरंय. दर शनिवारी आल्या-मिरचीचं कोमट पाणी, आणि पालथी पडलेली आपण तिघं भावंडं. रडलं की पाठीत धपाटा.

पण पिचकारीनं नुसतं दाराजवळचं झाडून होतं, आतल्या खोल्या तशाच राहतात. माझ्या तपासणीआधी मला जुलाबाच्या गोळ्या गिळवेनात. पावडर एका दमात प्यायले तर अर्धी बाहेर आली. मग नर्सबाईंनी सांगितलं तशी अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी पहाटे, गार करून, लिंबू चोखत प्यायले. चव भयंकर आहे, खोटं कशाला सांगू? पण पोट इतकं लख्ख झालं की डॉक्टरांना पार आत, उजवीकडची गाठ दिसली. इवलीशी होती. तिथल्या तिथे काढली.

आपल्या भावाची, ग्यासीचीही गाठ तिथंच होती.

त्याच्या तपासणीआधी त्याला पावडर पिऊ नको असं मीच म्हटलं होतं गं. "आईची आहे ना घरात," म्हणाले, आणि माझ्या हातानं पिचकारी भरून दिली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "पोट साफ नव्हतं, आतलं काही दिसलं नाही, महिन्याभरात परत आणा." भावाला मी "काही निघालं नाही" एवढंच सांगितलं. माझी चूक सांगायची मला लाज वाटली. वर्षाच्या आत आपण त्याला पुरलं.

माझ्या तपासणीच्या सकाळी घरभर आल्याचा वास सुटला. घरात आल्याचा तुकडाही नव्हता. न्हाणीत गेले तर खिळ्यावरची पिचकारी चपटी झालेली, कुणी नुकतीच मुठीत दाबावी तशी. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू फुगली. हात लावला तर कोमट. मी ती ग्यासीच्या शेजारी पुरून आले. त्या रविवारी चर्चमधून परतले तर पुन्हा खिळ्यावर, ओली, माती लागलेली.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. ते मी न्हाणीच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं. तू ती मागितलीस तिथवर आले आणि वळून पाहिलं. खिळा रिकामा होता.

मन्साची पिशवी मी स्वतः बांधलीय. त्यात तेल आणि हे पत्र, एवढंच आहे. तुझ्या न्हाणीत ती लटकलेली दिसली, तर मी पाठवलेली नाही हे लक्षात ठेव. भरू नकोस. ग्यासीच्या आवाजात कुणी कोमट पाणी मागितलं, तरी भरू नकोस. पावडर पी.

भावाला घालवून बसलेली, आणि आता जिला तू एकटीच उरलीस अशी,
तुझी फ्रेमाताई