उडदाचे लाडू नकोत

तिरुप्पूर, गुरुवार

प्रिय अम्मा,

मी बरी आहे. तुझे उडदाचे लाडू पोचले. पाळीत कंबरेला बळ यावं म्हणून पाठवतेस, पण मी ते शेजारणीला दिले. रागावू नकोस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजन उतरलं तर त्रास कमी होऊ शकतो. पण आधी सोनोग्राफी कर." मी निम्मंच ऐकलं. सहा किलो उतरले. कारखान्यातल्या बायका चिडवतात, "काय गं वडिवू, लग्न ठरलं वाटतं!" रक्त मात्र तेवढंच जातंय. बनियन शिवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सोमवारी सोनोग्राफीला जातेय.

अप्पांचा खोकला थांबला का?

मी आठवीत असताना तुझी पिशवी काढली. का, ते तू कधी सांगितलंच नाहीस. आता लाडू नकोत, अम्मा. तेवढं लिहून पाठव.

तुझीच,
वडिवू