करोल बागेची पट्टी

बाबा, आज सकाळी मी तुमच्यावर पुन्हा चिडले. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं होत आली, एवढ्या काळात माणूस बरंच काही विसरतो म्हणतात, पण माझा तो एक राग काही जात नाही. निमित्त झालं राखाडी सुटाचं. आज ऑफिसातला माझा शेवटचा दिवस. धुकं निवळलं तर दुपारी हिरवळीवर सगळ्यांबरोबर जेवण आहे, आणि त्यासाठी तुमच्या नातीने, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, सकाळपासून मला बाहुलीसारखं सजवायला घेतलं आहे. जुने, नावाजलेल्या डिझायनरांचे कपडे शोधून शोधून घालणं हे तिच्या पिढीचं नवं वेड. पँट कमरेला बसेना तेव्हा ती म्हणाली, "पँट सोड, नुसता कोट घाल. आत काळा हायनेक, खाली महेश्वरी साडी, पदर कोटाच्या आतून." मग बाह्या दोनदा दुमडल्या, म्हणजे आतलं डाळिंबी अस्तर दिसेल. अस्तर हा शब्द तिला येत नाही, ती लायनिंगच म्हणते. आरशात पाहिलं तर खरंच बरं दिसत होतं. आणि मग तिने कॉलर उलटून पाहिली. "आई, यार, लेबल कुठंय? इथे तर करोल बाग लिहिलंय."

हो, करोल बाग लिहिलंय. तुम्ही लिहून घेतलंत.

तो सूट मी लाल किल्ल्यामागच्या रविवारच्या बाजारातून आणला होता. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे लोकरी कपडे तिथे फुटपाथवर ढिगाने पडलेले असायचे, आणि त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून मी तो ओढून काढला. राखाडी लोकर, रुंद खांदे, एकही बटण हललेलं नाही, आणि कॉलरच्या आत रेशमी पट्टीवर एक इटालियन नाव. ते नाव मी मासिकांत वाचलं होतं. गुडगावातल्या एका नव्या परदेशी कंपनीत मला मुलाखतीला बोलावलं होतं, आणि आमच्या दोन खोल्यांत त्या मुलाखतीला शोभेल असं दुसरं काहीही नव्हतं. मी सूट गच्चीवर उन्हात टाकला. तुम्ही तो बोटाने उचलून पाहिलात आणि म्हणालात, "कुणाचा उतरलेला आहे हा? जिवंत माणसाचा की मेलेल्याचा?"

मी म्हटलं, "बाबा, धुऊन घेतलाय."

"आपल्या घरातून जुने कपडे बाहेर जातात आणि भांडी आत येतात," तुम्ही म्हणालात. "उलटं कधी झालेलं नाही. आणि ह्याला मी हळद लावणार नाही, सांगून ठेवतो."

नवा कपडा अंगावर घालण्याआधी देवासमोर ठेवायचा आणि आतल्या बाजूला हळदीचं बोट लावायचं, हे आधी आई करायची. ती गेल्यावर ते तुम्ही करू लागलात, अगदी माझ्या ओढण्यांनासुद्धा, ऑफिसला निघायच्या घाईत, एका पायात मोजा घालून. त्यामुळे ते वाक्य मला थपडेसारखं लागलं. मी म्हटलं, नका लावू. मला हळद नको होती, मला नोकरी हवी होती. तुमच्या सरकारी कचेरीत जन्मभर एकच तपकिरी कोट चालला, मला तसं जगायचं नव्हतं. हे मी तोंडावर बोलले आणि त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

मग चार दिवस मी आरशासमोर तालीम केली. आत पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस मागे घट्ट बांधलेले, कानात फक्त मोती. आणि मुख्य म्हणजे कोट काढून खुर्चीच्या पाठीवर असा टाकायचा की कॉलरमधलं नाव समोरच्याला दिसावं, पण मुद्दाम टाकलाय असं वाटू नये. हे हसण्यासारखं होतं, कळतं मला. पण तेवीस वर्षांची मुलगी कशाच्या तरी जोरावर त्या काचेच्या इमारतीत शिरणार होती, आणि माझ्याकडे जोर म्हणून ती दोन इंचांची पट्टीच होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेले होते. तेवढ्यात तुम्ही सूट आपल्या करोल बागेच्या गल्लीतल्या शिंपी मास्टरजींकडे नेलात. परत आले तर तो इस्त्री होऊन खुंटीवर टांगलेला, आणि तुम्ही म्हणालात, "मास्टरजींनी जरा ठीकठाक करून दिलाय." मला वाटलं, विरघळलात. मला इतकं बरं वाटलं की मी उलटून पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी धौला कुआँहून बस पकडली. गर्दीत कोट चुरगळू नये म्हणून काढला आणि तुम्हीच शिकवल्याप्रमाणे उलटा करून घडी घातली. तेव्हा दिसलं. इटालियन नाव गायब. त्या जागी लाल अक्षरांत मास्टरजींच्या दुकानाचं नाव, खाली करोल बाग, नवी दिल्ली. आणि त्याच्याखाली अस्तरावर हळदीचं पिवळंधमक बोट. म्हणजे आधी तुम्ही तो सूट आपल्या गल्लीत शिवलेला करून टाकलात, आणि मग नवा झाला म्हणून देवासमोर ठेवलात. मला न विचारता. खिडकीबाहेर मोहरीची शेतं जात होती आणि मी थुंकी लावून हळद घासत होते. ती आणखी पसरली. मी बसमध्ये रडले, बाबा, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. तुम्ही समोर असतात तर मी काय बोलले असते ते इथे लिहिता येत नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही मटार सोलत बसला होतात. कसं झालं, विचारलंत. मी कोट तुमच्यासमोर आपटला आणि म्हटलं, "सगळे हसले. करोल बाग वाचून हसले आणि हळद बघून तर जास्तच. झालं समाधान? कुठे टाकलीत ती पट्टी?"

"फेकली," तुम्ही म्हणालात. मग नुसतं "अच्छा," आणि पुढची शेंग उचललीत.

त्यानंतर तुम्ही माझ्या कुठल्याही कपड्याला हळद लावली नाहीत. नोकरी लागली तेव्हा तुम्ही "हसले, तरी घेतलं का तुला," एवढंसुद्धा विचारलं नाहीत. पहिल्या पगारातून मी साडी घेतली. ती चार दिवस देवासमोर पडून होती, तुम्ही तिच्या बाजूने पूजा करून उठायचात. मी वाट पाहत होते हे तुम्हाला दिसत नव्हतं का? की दिसत होतं? दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात आणि मला भांडायलाही कोणी उरलं नाही. ह्याचाही मला राग आहे.

आता निघायला हवं, लेक खालून हॉर्न वाजवते आहे. मघाशी तिने विचारलं की करोल बागेत असा सूट कोणी शिवला, तर मी म्हटलं, माझ्या वडिलांनी उभं राहून शिवून घेतला. हे वाक्य माझं नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं आहे. खोलीत हीटर इतका होता की कोट काढावाच लागला, आणि मी लपवायच्या आत त्यांनी पट्टी वाचली. उठून जवळ आल्या, शिवण पाहिली, म्हणाल्या, "इतनी सफ़ाई, करोल बाग में? पापा ने खड़े होकर बनवाया होगा." मी हो म्हटलं. मग त्यांना हळद दिसली. त्या मदुराईकडच्या होत्या. "हमारे घर में भी नए कपड़े को लगाते हैं," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीला पाठ टेकून बसले. त्यानंतरची सगळी उत्तरं मला आली. बसमधून परतताना मला एवढंच सहन होत नव्हतं की तुमचं बरोबर ठरलं.

बाबा, तिथे कोणीही हसलं नव्हतं.