जुन्या पंख्याचं माप

तहसील गोंदिया, जि. भंडारा
१६ जून १९५६

प्रिय केवलराम,

तुझं कार्ड काल मिळालं. दोनच ओळी. 'ज्या हातांनी बांधलेल्या इंजिनाने प्रेमिलाला दगा दिला, त्या हातांनी मी बोटीची कुठलीही वस्तू निवडणार नाही. दुसऱ्या कोणाला विचार.' तुझ्या रुख्मावहिनीला वाचून दाखवलं, तर ती चुलीपुढून उठून परसात गेली. तुझी शामकला तिथेच तांदूळ निवडत होती. पोरगी आता बारा वर्षांची झाली, सगळं समजतं तिला. मला म्हणते, "मामा, बाबा काऊन येऊन नाही राहिला? मी काय केली?" मी सुपातले खडे वेचत बसलो.

दुसऱ्या कोणाला विचारू, तूच सांग. गोंदियाचा शालीकराम फिटर भाताच्या गिरणीतला हुशार माणूस, पण पाण्याचं त्याला कळत नाही. मृग लागून आठ दिवस झाले. श्रावणात आपल्या गावाला तीन बाजूंनी वैनगंगा आणि चौथ्या बाजूने नाला वेढतो, तेव्हा आजारी माणसाने मरायचं की जगायचं हे नदी ठरवते. तीन वर्षं मोटारबोट घाटावर पालथी पडून होती. गेल्या पुरात डोंगा उलटला आणि मंगरूची म्हातारी वाहून गेली, तेव्हा कुठे पंचायतीने ठरवलं की बोट पुन्हा पाण्यात टाकायची. आता बोट आहे, इंजिन आहे आणि पाणी कापून बोट ढकलणारा पंखा नाही. पंखा खडकावर आपटून तुटला असं मी मागच्या कार्डात लिहिलं होतं. त्यावर पुढे बोलतो.

कलकत्त्याला खिदिरपूर गोदीतल्या तुझ्या गोदामाशेजारच्या दुकानात असे दोन पंखे पडून आहेत, असं दुकानदाराचं उत्तर आलं. एक दोन पात्यांचा, एक तीन पात्यांचा. जुन्याचं माप कळवा, म्हणतो. माप लिहायला मी चार दिवस बसलोय. या पत्राच्या शेवटी देतो, तोवर वाच, फाडू नकोस.

तुला ती संध्याकाळ आठवते? साहेब जंगलखातं सोडून विलायतेला गेला आणि त्याची बोट गावाला मिळाली. तू गोंदियाच्या गिरणीतून रजा घेऊन महिनाभर इंजिनाशी झटलास. जुना पंखा झिजला होता, नवा मागवायचा होता. तू जेवता जेवता मला समजावलंस की दोन पात्यांचा, जास्त पिळाचा पंखा रिकामी बोट पळवतो, पण वजन पडलं की इंजिनाचा गळा धरतो. तीन पात्यांचा, कमी पिळाचा हळू चालतो, पण ओढतो. "पटाचा बैल चिखलणीले नोको जुंपू, बिसराम," म्हणालास. प्रेमिला वाढता वाढता हसली. शंकरपटाच्या शर्यतीचं नाव काढलं की दादाच्या अंगात येतं, म्हणाली. लहानपणापासून मला ओळखून होती ती. तू गिरणीवर परत गेलास आणि पंख्याची ऑर्डर लिहायचं माझ्याकडे आलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या शर्यतीत आपली बोट कशी पळाली ते तू ऐकलंस, पाहिलं नाहीस. नदीचं पाणी संथ होतं, बोटीत मी एकटा. दोन्ही काठांवर माणसं. पाच गावांचे डोंगे मागे टाकले. घरी आलो तेव्हा प्रेमिलाने ओवाळलं मला. सख्खी बहीण, तिला काय ठाऊक कशाला ओवाळते आहे ते.

मग पुढच्या श्रावणात धानाच्या रोवणीला बांधीत उतरली असता तिला पान लागलं, साप डसला. खाटेसकट बोटीत घेतलं, धरायला सहा माणसं. मधल्या धारेत बोट जागची हलेना. इंजिन धापा टाकायचं, काळा धूर ओकायचं आणि गप्प व्हायचं. तीनदा चालू केलं, तीनदा बंद पडलं. धारेने आम्हाला ज्या काठावरून निघालो त्याच काठाला आणून टेकवलं आणि तिथेच प्रेमिला गेली. सगळे म्हणाले, केवलरामच्या इंजिनाने घात केला. मी तिथेच उभा होतो.

गेल्या महिन्यात शालीकरामने इंजिन उघडलं. आतून पुसून पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन त एकदम चांगला आहे जी, मंग बंद कायले पडला? उद्या पंखा पाहू." भर दुपारी घाटावर कोणी नव्हतं. मी घण घेऊन गेलो. खडकाचं नाव खोटं आहे, केवलराम. पंखा मी फोडला. मरेपर्यंत कोणाला कळू नये म्हणून फोडला आणि ऐन पुराच्या तोंडावर सगळ्या गावाची बोट लंगडी केली. असा मी.

आता माप लिहितो. दांड्याचं भोक एक इंच. व्यास चौदा इंच. एका फेऱ्यात पुढे सरक सोळा इंच. पाती दोन. पुन्हा वाच, केवलराम, पाती दोन. तू सांगितलेला पंखा मी कधी मागवलाच नाही, मला मंडई जिंकायची होती. गोंदियाहून धावत आलास, प्रेमिलाच्या पायाशी बसलास आणि मला एवढंच विचारलंस, "पंखा तोच ना, मी सांगितला तो?" मी "हो" म्हणालो. त्या एका शब्दावर तू तीन वर्षं पाना सोडून पोती वाहतोयस. तुझ्या हातांनी तिला मारलं नाही. माझ्या हातांनी मारलं. मला तोंड दाखवू नकोस, पण त्या दुकानात जा, तुझ्या हातांनी तीन पात्यांचा निवड आणि स्वतः घेऊन ये. शामकलाला मी आज सांगितलं. ती सकाळपासून घाटावर जाऊन बसली आहे, तुझी वाट पाहत.

तुझा म्हणवून घ्यायच्या लायकीचा न उरलेला,
बिसराम