यादीतला गिलिस

मी, इसाबेल गिलिस, माहेरची मॅकफी, वय त्रेसष्ट, राहणार ग्रँट्स हार्बर, केप ब्रेटन बेट. येत्या सोमवारी हॅलिफॅक्सला माझी छाती उघडणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते चष्मा पुसत होते, म्हणून हे लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी भरीला घातलेलं नाही, आणि हा मजकूर मी स्वतः टाइप केला आहे. माझी आधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती खोटी नव्हती, अपुरी होती.

१. राहतं घर, होडी, बँकेतली शिल्लक आणि शेगडीजवळची खुर्ची माझे पती आर्चिबाल्ड जोसेफ गिलिस यांना. खुर्चीचा पाय दुरुस्त करून घ्यावा, हे मी वीस वर्षं सांगते आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे वाटण्या करायला फार काही नाही.

२. चर्चच्या मंडळाला माझी चहाची मोठी किटली. ती त्यांच्याकडेच आहे, १९७१ च्या सामुदायिक जेवणापासून. परत मागायला गेले तर सौ. बीटन म्हणाल्या, "कुठली किटली?" आता त्यांनी ती राजरोस वापरावी.

३. माझ्या चौदा गुणवह्या गावच्या वाचनालयाला. युद्धात बंदरावर बेसबॉलची लीग होती. चार संघ: आमची तोफखाना तुकडी, नौदल, विमानदल आणि कोळसा खाण. गुणलेखिका मीच. कोणाचा फटका खरा आणि कोणाच्या हातून चेंडू निव्वळ चुकून सुटला, हे मी ठरवायची. कप्तान ओरडायचे, खेळाडू हात जोडायचे, पण माझी पेन्सिल कधी हलली नाही. लोक म्हणायचे, बेल मॅकफी सख्ख्या भावाच्या नावावरही चूक लिहील. लिहिलीही होती, दोनदा. वह्यांत एकही खोटी नोंद नाही. खोटी नोंद दुसरीकडे आहे.

४. टेकडीवरचं माझं माहेरचं घर, मागच्या सफरचंदाच्या झाडांसह, कु. फ्लोरा गिलिस हिला. का, ते सांगितल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

आमच्याकडे दगड मारला तर गिलिसला लागतो. त्यामुळे आडनावाला कोणी विचारत नाही, टोपणनाव चालतं. तुकडीत दोन गिलिस होते. एक आर्ची जोसेफ, लांबडा आर्ची, आमचा पिचर, साऱ्या लीगमध्ये त्याच्यासारखा चेंडू टाकणारा नव्हता. दुसरा अ‍ॅलन जोसेफ, लोहाराचा अ‍ॅलन, फ्लोराचा भाऊ. तो मुदपाकखान्यात बटाटे सोलायचा आणि सामन्याला संघाच्या बॅटी उचलायचा. फौजेला टोपणनावं कळत नाहीत. फौजेच्या कागदावर दोघंही 'गिलिस, ए. जे.' दोघं एकाच दिवशी, एकाच रांगेत, एकामागे एक भरती झाले, म्हणून क्रमांकही लागोपाठचे. आर्चीचा शेवटचा आकडा एक, अ‍ॅलनचा दोन.

मी तुकडीच्या कचेरीत टंकलेखिका होते. सप्टेंबर १९४३, गुरुवार सकाळ. कॅप्टननी समुद्रापार लढाईवर जाणाऱ्या अकरा जणांची यादी सांगितली. गाडी शुक्रवारी होती आणि नौदलाविरुद्धचा अंतिम सामना शनिवारी. यादीत सातवा आर्ची. मला कोणी हुकूम दिला नाही, कोणी डोळाही मारला नाही. कॅप्टन सज्जन माणूस होते, त्यांच्यावर बालंट नको. क्रमांकाच्या शेवटी एकाच्या जागी दोन, हे माझ्याच बोटांनी केलं. कॅप्टननी न वाचता सही केली, कारण मी कधी चुकत नसे.

मला करंडक हवा होता की आर्ची? खरं सांगते, दोन्ही. तोवर तो माझ्याशी एकदाच बोलला होता, पेन्सिल मागायला.

दुपारी यादी वाचून दाखवली. अ‍ॅलन पिठाच्या हातांनी माझ्या खिडकीशी आला.

"बेल, माझं नाव वाचलं गं. कॅप्टन तर रविवारी म्हणाले, मुदपाकखान्यात माणसं कमी आहेत, तू कुठे जात नाहीस. मी आईला तसं सांगून बसलोय. लांबड्याचं असेल, बघ ना जरा नीट."

मी कागद काढला. नीट पाहिला. तो खिडकीच्या फळीवर बोटं टेकून उभा होता.

"क्रमांक तुझाच आहे, अ‍ॅलन," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस म्हणजे असणारच. चला, बॅटी उचलायला दुसरा गाढव शोधा."

टाइप करताना माझी मती फिरली होती, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. पण खिडकीशी माझी मती शाबूत होती. तिथे 'थांब' एवढाच शब्द पुरला असता, आणि तो मी बोलले नाही.

शनिवारी पाचव्या डावात समुद्रावरून धुकं आलं. पंचांना चेंडू दिसेना. सामना थांबवला, तो पुन्हा झालाच नाही. सोमवारी नौदलाची जहाजं निघून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा संघही. अ‍ॅलन डिसेंबरात इटलीत मारला गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आर्ची वसंतात पुढच्या तुकडीबरोबर गेला आणि परत आला. आम्ही लग्न केलं.

अ‍ॅलनची आई मरेपर्यंत एकच सांगत राहिली, माझा मुलगा यादीत नव्हता. लोक तोंडावर हो म्हणायचे आणि पाठ वळली की डोक्याकडे बोट दाखवायचे. मग फ्लोरा तेच सांगू लागली. तिने ओटावाला, फौजेच्या मुख्य कचेरीला, तीन पत्रं पाठवली. तिला टंकलेखन येत नाही. तिन्ही पत्रं तिने सांगितली आणि मी टाइप केली, याच यंत्रावर. तिन्ही वेळा उत्तर आलं की नोंदी बरोबर आहेत. ती उत्तरंही मीच तिला वाचून दाखवली. दर मंगळवारी आम्ही पत्ते खेळतो. ती मला डाव जिंकू देते आणि वर म्हणते, "तुला हरायला जमत नाही, बये."

आर्चीला काल जेवताना सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि धक्क्यावर निघून गेला. चार वाजता परत आला. म्हणाला, "मी गेलो असतो, बेल. मला विचारायचं तरी होतंस." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

५. मला मॅकफींच्या बाजूला पुरावं. दगडावर फक्त नाव आणि सालं घालावीत. गुणांबद्दल काही कोरू नये.

सह्या झाल्यावर मधल्या मोकळ्या जागेत हाताने लिहिलेली भर:

हा कागद मी मेल्यावर फ्लोराच्या हाती पडावा, असा माझा बेत होता. तो भेकडपणाचा होता. म्हणून आज सकाळी अकराला तिला वकील श्री. डुसे यांच्या कचेरीत बोलावलं आणि वरचं सगळं मोठ्याने वाचायला घेतलं. चौथ्या कलमात खिडकीपर्यंत पोचले. तिने कागद ओढून घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. मग परत पहिल्यापासून.

"खिडकीशी," ती म्हणाली, "तो घाबरला होता का?"

"नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला."

ती खुर्चीवरून उठली. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पेन मागितलं.

"साक्षीदार कोण आहे याला?"

श्री. डुसे म्हणाले, "मी आहे, आणि दुसरी माझी कारकून. फ्लोराबाई, तुम्ही सही करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. तुमचं घर जाईल."

"घर तिच्याजवळच राहू दे," फ्लोरा म्हणाली. "चाळीस वर्षं आई आणि मी सांगत होतो, तो यादीत नव्हता. गावाने आम्हाला वेडं ठरवलं. आज कागदावर आलंय, तर त्याखाली नाव माझंच लागणार. तू आधी कर सही, बेल. माझ्या डोळ्यांदेखत कर."

मी केली. नंतर तिने केली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

इसाबेल मॅकफी गिलिस (सही)

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली, आणि आम्ही दोघांनी तिच्या व एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

लिओ डुसे, वकील (सही)

फ्लोरा गिलिस, लोहाराच्या अ‍ॅलनची बहीण (सही)

ग्रँट्स हार्बर, शुक्रवार, ११ मे १९८४