फ्रेंच साहेबाचं ‘बघू’

६ जाने. १९५७, रवि.
सायकलने मोशी. हवालदार आबा पहिल्या लढाईत खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला होते. पंचक्रोशीत फ्रेंच येणारा हा एकच माणूस. काल कारखान्यात नवा बॉयलर बसवायला आलेल्या फ्रेंच साहेबाकडे मी सरळ पान्हा मागितला, तर त्याने पाठच फिरवली. आबा हसले. "आरं, आधी बोंजूर म्हन, म्हंजी नमस्कार. मंग माग काय मागायचं त्ये. त्यांच्यात बोंजूर केल्याबिगर पाव सुदिक मिळत न्हाई."
आपण आपलेपणाने सरळ तोंड उघडतो, त्यांना तो उर्मटपणा. कमाल आहे.

९ जाने.
बोंजूर केलं. साहेबाने पान्हा स्वतः आणून दिला. मेर्सी म्हणालो, म्हणजे आभार. दिवसभरात इतक्यांदा मेर्सी की कंटाळा आला.
नवा बॉयलर शिकायला एकच फिटर वर्षभर फ्रान्सला जाणार. मी, नाहीतर कुलकर्णी. शिफारस साहेबाची. कमलला अजून बोललो नाही. तिला सहावा चालू आहे.

१४ जाने., संक्रांत
साहेबाला तिळगूळ दिला. ‘गोड बोला’ म्हणजे काय, विचारतो. सांगितलं. "हुकूम?" म्हटलं, विनंती. खुशीत दिसला, म्हणून हिय्या करून विचारलं, माझं नाव देणार का? म्हणाला, "ओं व्हेरा." म्हणजे बघू.
बघू! ताईच्या वेळी तीन स्थळांनी ‘बघू, कळवतो’ म्हटलं होतं. एकाचंही पत्र आलं नाही. हाही नकारच. डोकं फिरलंय, जेवण गेलं नाही.

२० जाने., रवि.
मोशी. आबांना विचारलं, ओं व्हेरा म्हणजे त्यांच्यातही नाहीच का?
"न्हाई रं. आमी ज्या बाईच्या गोठ्यात ऱ्हायचो, तिचा ल्योक लढाईवर. पत्तर न्हाई, काय न्हाई. येईल का इचारलं की म्हनायची, ओं व्हेरा. आन रोज त्याचं ताट मांडायची."
"आला का?"
"आमाला त्याआदीच हलवलं."
येताना इंद्रायणीच्या पुलावर उगाच थांबलो. आशा धरावी की सोडावी?

२३ जाने.
कमलला कळलं. कुलकर्ण्याची बायको नळावर बोलली. वाटलं, रडेल. चिडली. "अहो, जायचंय तर जा. पण मोशीच्या आबांना आधी, मला शेवटी?" खरं आहे. नंतर म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी जाईनच. पण पोर वर्षाचं होत आल्यावर बाप दाखवायचा, तर ओळख तुम्हीच करून द्या त्याला." हसून म्हणाली, पण पाठ माझ्याकडे करून.
जायचंय मला. आणि जाववत नाही.

२ फेब्रु., शनि.
साहेब आज परत फ्रान्सला गेला. शिफारशीचं नाव बंद पाकिटात, मॅनेजरकडे. सोमवारी उघडणार. मी आठ दिवस ‘बों व्वायाज’, म्हणजे प्रवास सुखाचा होवो, ऐकायला कान टवकारून होतो. माझा हात दाबला, म्हणाला, "बों कुराज." कुलकर्ण्याला काय म्हणाला ते वाफेच्या आवाजात ऐकू आलं नाही.

३ फेब्रु., रवि.
मोशी. ‘बों कुराज’ म्हणजे काय, विचारलं. आबा म्हणाले, "धीर धरा. लढाईच्या फळीवर निघाल्यालाबी म्हनत्यात, मागं ऱ्हायल्यालाबी. पुढं जड हाय, येवढाच अर्थ."
घरी आलो. कमल तांदूळ निवडत होती.
"काय म्हणाले शेवटी साहेब?"
"धीर धरा म्हणाले."
ती हात थांबवून बघत राहिली. "कुणी? तुम्ही की मी?"
मी समोर बसलो आणि तांदूळ निवडू लागलो.