मेहुण्याला मार्गी लावताना

२ जानेवारी, सकाळ
राजीनामा दिला. पंपांच्या कंपनीत, डिस्पॅच खात्यात, उमेदीची सगळी वर्षं खोक्यांवर 'ही बाजू वर' असे स्टिकर चिकटवण्यात गेली. आता बास. साहेबांना इतका धक्का बसला की त्यांनी न वाचताच सही केली. वर विचारलं, आजपासूनच गेलात तर जमेल का? काही माणसांना भावना दाखवता येत नाहीत.

यापुढे करिअर प्लॅन नाही. प्लॅन करणारी माणसं आतून मेलेली असतात. मी कामामागे धावणार नाही, काम मला शोधत येईल. आपण फक्त ओपन राहायचं.

बायकोला संध्याकाळी सांगतो.

३ जानेवारी
सांगायचं राहिलं. ती दमून आली होती. दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला असते. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघून तिचा मूड जातो.

६ जानेवारी
सांगितलं. म्हणजे तिला कळलं. कंपनीतून फोन आला की तुमच्या मिस्टरांचा डबा आणि चपला इथेच आहेत, नेणार की टाकून देऊ?

आता काय करणार, असं तिने विचारलं. मी म्हणालो, हा प्रश्नच चुकीचा आहे. मग बरोबर प्रश्न कुठला? मी म्हणालो, तो हळूहळू उलगडेल. तिने क्लिनिकमध्ये पेशंटकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. बसा, नंबर आला की बोलावते.

१५ जानेवारी
ओपन आहे. अजून काही आलेलं नाही. दुपारी झोपलो. झोप हासुद्धा एक शोधच.

२३ जानेवारी
आलं! वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही घरीच असता तर आमच्या कुत्र्याला फिरवून आणाल का? मी काहीही न करता काम दारात. सिद्धांत खरा ठरला. प्राण्यांशी माझं जुनं नातं असणार.

२५ जानेवारी
कुत्रा सापडला. बाई बोलत नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा आणि त्याची बायको जेवायला आले होते. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. बस स्थानकावर 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीमागे बसतो. लोक बसमध्ये छत्र्या, डबे, चष्मे, कवळ्या विसरतात. हा ते सगळं फळ्यांवर मांडून ठेवतो आणि मालक आला की परत देतो. लग्नाच्या आधीपासून हेच. आणि वर खुशीत असतो! त्याच्या बायकोला दिवस गेलेत, तीही खुशीत. मला घास उतरेना.

परवा म्हणे एका म्हाताऱ्याचं कानाचं यंत्र परत दिलं. म्हाताऱ्याने ते तिथेच कानात घातलं आणि मेहुण्याला म्हणाला, बोल रे काहीतरी. काय बोलावं हे याला सुचेना, तर याने बसचं वेळापत्रक म्हणून दाखवलं. ते सांगताना मेहुण्याचे डोळे भरून आले. इतक्याशा गोष्टीवर समाधान! माणूस असाच संपतो.

जेवण झाल्यावर त्याने माझ्या कानातून नाणं काढून दाखवलं. नाणं दोनदा खाली पडलं. तिसऱ्या खेपेला ते सोफ्याखाली गेलं. पण मला वेगळंच काहीतरी दिसलं. याच्या आत एक जादूगार कोंडलेला आहे.

आणि त्याच क्षणी माझंही काम मला सापडलं. मी मेंटॉर आहे.

९ फेब्रुवारी
मेहुण्याशी फोनवर पहिलं सेशन. तो म्हणाला, भाऊजी, मला तिथे बरं वाटतं हो. मी म्हणालो, हेच तर लक्षण आहे. रोग मुरला की दुखायचं थांबतं.

२० फेब्रुवारी
हल्ली रोज त्याच्या खिडकीवर जातो. मागे रांग लागते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. इथे एका माणसाचं आयुष्य घडतंय.

आज निर्वाणीचं बोललो. म्हटलं, उद्या तुझं मूल शाळेत जाईल. बाई विचारतील, बाबा काय करतात? ते काय सांगेल? लोकांच्या कवळ्या सांभाळतात?

तो हातातल्या छत्रीची घडी घालत राहिला. ती आधीच घातलेली होती. बाण बरोबर लागला.

४ मार्च
मेहुण्याने राजीनामा दिला!! साहेबीण त्याला म्हणाली होती, बाळ होईपर्यंत तरी थांब. तो थांबला नाही. मी गेटवरच उभा होतो, त्यामुळे त्याला धीर आला असावा.

त्याच्या बायकोने दार लावून घेतलं आणि बराच वेळ रडत बसली. अशा बातमीने माणूस हलतोच.

आमच्या घरी मात्र वातावरण तंग. हिने विचारलं, तू स्वतः बुडालास ते ठीक आहे, त्याला का ओढलंस? मी म्हणालो, मी त्याला पोहायला शिकवतोय. ती म्हणाली, तुला स्वतःला येतं का? बोलणं असं पर्सनल झालं की मी थांबतो.

११ मार्च
तयारी जोरात. कबुतर आणलं. पांढरंशुभ्र. माझा लग्नातला काळा कोट शिंप्याकडून उसवून आतून चोरखिसा शिवून घेतला. मेहुण्याने कबुतराला चांगलाच लळा लावलाय. ते त्याच्या तळहातावरून दाणे टिपतं आणि खांद्यावर बसून डुलक्या काढतं. मी त्याला बजावलं, प्रोफेशनल राहा.

१८ मार्च
पहिला कार्यक्रम ठरला. मीच ठरवला. थेट हिच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांच्या मुलीचा वाढदिवस आहे. ते नाही म्हणत होते, पण मी त्यांच्या खुर्चीवरून उठलोच नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते, शेवटी हो म्हणाले. हिला अजून माहीत नाही. सरप्राइज.

२९ मार्च, सकाळ
आज शो. मेहुणा पहाटेपासून उलट्या करतोय. मोठ्या कलावंतांचं असंच असतं.

२९ मार्च, संध्याकाळ
कार्यक्रम एकंदरीत यशस्वी. बारीकसारीक त्रुटी राहिल्या.

प्रास्ताविक मी केलं. विषय, 'मनाचा कौल ऐका'. दोन शब्द बोलायचं ठरलं होतं, पण समोर मुलांबरोबर पालकही होते. असं ऑडियन्स पुन्हा कुठे मिळणार? हॉलमध्ये पंखा बंद होता. मेहुणा माझ्या मागे कोट घालून उभा. तो सारखं छातीकडे बोट दाखवत होता. मला वाटलं, हृदयाकडे दाखवतोय. त्यामुळे मी आणखी खुललो. माझ्या डिस्पॅचमधल्या संघर्षाचा भाग तर सुरेखच झाला.

मग त्याने कोटात हात घालून कबुतर काढलं. ते उडालं नाही.

मुलांना आधी वाटलं, हीच जादू. पुढे बसलेल्या एकाने विचारलं, काका, आता जिवंत करणार ना? मेहुणा तिथेच खाली बसला. कबुतर ओंजळीत घेऊन त्याच्या चोचीवर फुंकर घालत राहिला. एकदा, दोनदा, किती वेळ तरी. वाढदिवसाच्या मुलीने भोकाड पसरलं. तिचं बघून बाकीची. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोणी साथ दिली नाही.

दाराशी ही उभी होती. तिने भावाला उठवलं आणि हाताला धरून घेऊन गेली. मी परत रिक्षाने आलो.

कोट शिंप्याने फार घट्ट शिवलाय. त्याला जाब विचारला पाहिजे.

१ एप्रिल
डॉक्टर हिला एका शब्दानेही बोलले नाहीत, असं हिच्याकडून कळलं. मी म्हटलं, बघ, मोठ्या मनाचा माणूस. ती म्हणाली, बोलले असते तर बरं झालं असतं. आता ते माझ्याकडे न बघता फाइल मागतात.

५ एप्रिल
पुढचं बुकिंग नाही. मेहुण्याला फोन केला तर त्याची बायको म्हणाली, ते गॅलरीत बसलेत. मी म्हणालो, बोलाव. ती म्हणाली, बोलावलं. येत नाहीत.

हा चिंतनाचा काळ. डिस्टर्ब करायचं नाही.

१२ एप्रिल
मेहुण्याने कच खाल्ली. घरी आला, दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, भाऊजी, मला माझी खिडकी परत पाहिजे. नाणं हातात धरवत नाही. डोळे मिटले की ते पोर विचारतं, जिवंत करणार ना? साहेबीण चांगली आहे, सांगितलं तर घेईल. पण तिच्यासमोर माझी जीभ चालणार नाही. तुम्ही चांगलं बोलता. माझ्यासाठी तेवढं बोलाल?

मी शब्द दिला. मेंटॉर कठीण वेळी हात झटकत नाही.

हिने त्याला पाणी दिलं. मला म्हणाली, एवढं एक काम नीट कर. बाकी मी काही मागत नाही.

१६ एप्रिल, दुपार
साहेबिणीला भेटलो. आडव्या बांध्याची बाई, दोन फोन, एकही शब्द वाया घालवत नाही. मी गेल्या गेल्या म्हणाली, त्याचं काय? येतोय का? खिडकी महिनाभर बंद आहे, लोक माझ्या डोक्यावर बसलेत. यायचं असेल तर उद्याच नऊला येऊ दे. नाहीतर मी दुसरा बघते.

मी तोंड उघडणार, इतक्यात तिच्या पाठीमागची खोली दिसली. फळ्या, छत्र्या, कोपऱ्यात पंखा, खिडकीशी गादी घातलेली खुर्ची. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत छान गार.

आणि माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला परत इथे पाठवणं म्हणजे त्याचा खून. एकदा माघार घेतली की तो पुन्हा कधीही उभा राहणार नाही. त्याच्या भल्यासाठी हे दार बंदच राहिलं पाहिजे. पण ते उघडं टाकून तरी कसं जायचं?

मी म्हणालो, तो नाही येणार. तो आता कलेला वाहिलेला आहे. पण मी आहे.

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, छत्र्यांच्या पेट्या उचलता येतात? मी म्हणालो, डिस्पॅचमध्ये होतो. ती म्हणाली, नऊ म्हणजे नऊ.

मी कुठे मागायला गेलो होतो? काम मला शोधत आलं.

१६ एप्रिल, संध्याकाळ
मेहुण्याला फोन करून कळवलं, जागा भरली गेली. तो म्हणाला, असू दे भाऊजी, तुम्ही प्रयत्न केलात. माझे आभार मानले.

खोटं बोललो नाही. भरली होतीच.

१७ एप्रिल
पहिला दिवस. हिला सांगितलं, एका ठिकाणी कन्सल्टिंग मिळालंय.

२८ एप्रिल
लोक फार हट्टी आहेत. खिडकीत वाकून बघतात आणि विचारतात, ते नेहमीचे कुठे गेले? मी सांगतो, त्यांनी करिअर बदललं. मग ते वाईट चेहरा करतात. एका बाईंनी त्याच्या बाळासाठी स्वेटर विणून आणला होता. मी म्हटलं, द्या, पोचवतो. त्या म्हणाल्या, नको, त्यांनाच देईन.

छत्र्यांचं जरा घोटाळ्याचं आहे. सगळ्या काळ्याच असतात.

६ मे
हिला कळलं. तिच्या क्लिनिकमधली एक पेशंट बसमध्ये पर्स विसरली होती. घ्यायला आली, मला ओळखलं, आणि दाढ काढून घेता घेता हिला सांगितलं.

मी समजावलं, खुर्ची मी त्याच्यासाठीच धरून ठेवलीय. तो मनाने तयार झाला की उठतो. तिने विचारलं, तो तयार आहे, उठतोस का? मी म्हणालो, अजून त्याची तयारी नाही, हे मला दिसतंय, तुला दिसणार नाही. ती ओरडली नाही. रडलीही नाही. मला वाटलं, पटलं.

११ मे
ही भावाकडे राहायला गेली. भावजयीचे दिवस भरत आलेत, मदतीला कोणीतरी हवंच. कपाट बरंच रिकामं दिसतंय. बाळंतपण म्हणजे लांबचा मुक्काम.

२ जून
मुलगी झाली. हे मला स्थानकावरच्या चहावाल्याकडून कळलं. मेहुणा स्थानकातल्या सगळ्यांना पेढे वाटून गेला म्हणे. माझी खिडकी तेव्हा जेवणासाठी बंद असणार.

२१ जून
साहेबीण म्हणाली, तक्रारी फार येतात तुमच्या. मी म्हणालो, मी मुळात लोकांना घडवणारा माणूस आहे, वस्तू देणारा नाही. ती म्हणाली, मग वस्तू देणारा मिळेपर्यंत बसा.

म्हणजे बसा असं म्हणाली. कन्फर्म झाल्यासारखंच.

३० जून
मेहुण्याला काम लागलं. कंत्राटदाराकडे. दिवसाच्या फेऱ्या संपल्या की बसेस झाडायच्या, सीटखाली काही सापडलं तर खिडकीवर जमा करायचं. माझ्या खिडकीवर. आज पहिल्यांदा आला. अंगात ढगळ निळा डगला. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. त्याने दोन छत्र्या, एक टिफिन आणि लहान मुलाचा एक बूट माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, जादूची प्रॅक्टिस सुरू आहे ना? तो म्हणाला, बूट वरच्या फळीवर ठेवा, आई शोधत येईल, तिला लगेच दिसला पाहिजे. आणि गेला.

बघा, अजून कामाचाच विचार. माझं मार्गदर्शन अगदीच वाया गेलेलं नाही.

९ जुलै
आज मेहुण्याने नेहमीच्या सामानाच्या खोक्यांबरोबर एक किल्ल्यांचा जुडगा ठेवला. मी चिठ्ठी बांधायला घेतली, विचारलं, कुठल्या बसमध्ये? तो म्हणाला, बसमध्ये नाही. ताईने दिल्यात. तुमच्या घराच्या आहेत.

मी विचारलं, निरोप काही?

तो म्हणाला, नाही. आणि विचारलं, ही खोकी आत ठेवू की बाहेर?

किल्ल्या खिशात टाकल्या. घरात दुसरा जुडगा असलेला बरा. मी विसराळू आहे, हे तिच्या बरोबर लक्षात आहे.