बोलोन्याचं ऊन, सिंदेवाहीची फुफी

बोलोन्या, इटली
२७ मे २०२५

प्रिय बहीण नूरीस,
लियाकतभाईचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

मी पोचलो. बॅग नाई पोचली. मधल्या विमानतळावर आम्ही दोघं वेगळे झालो, तेव्हापासून तिचा पत्ता नाई. तिच्यात तू बाळासाठी शिवलेली झबली-कुंच्या, तुझंच आंब्याचं लोणचं आणि माझे सारे कपडे. सध्या मी नबीलचा पायजमा घालून फिरून राह्यलो. जावई माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच, म्हणून खालून घड्या घातल्या. अंजुम मले पाहून पोट धरून हसते. आठव्या महिन्यात इतकं हसू नये असं मले वाटते, पण सांगायले गेलो की अजूनच हसते.

विमानतळावरून इथवर आगगाडी होती. डब्यातलं एसी बंद आणि खिडक्या उघडायची सोयच नाई. सारी नोकरी मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरजवळ काढली, तरी त्या डब्यात माझा शर्ट पिळायच्या लायकीचा झाला. एका स्टेशनवर भोंग्यातून काही सांगितलं आणि सारे लोक उतरले. मी बसून राह्यलो. मले वाटलं, बरं झालं, जागा झाली. मग झाडणारी बाई आली आणि तिनं माझ्यापुढे हात जोडले. गाडी तिथीच संपत होती.

इथी ऊन तेहतीस. तेहतीस! एवढं तर आपल्याकडे थंडी जाता जाता असते. आणि लोक हाय हाय करून राह्यले. घर चौथ्या माळ्यावर, लिफ्ट नाई, पंखा नाई, पंखा टांगायले छताले हूकसुद्धा नाई. नबील म्हणे, अब्बा, जुलैत त्रास होईल. मी म्हणलं, बेटा, मी चंद्रपूरचा आहे, माझी काळजी करू नको.

एक गोष्ट सांगायची राह्यली. स्टेशनवर अंजुम घ्यायले आली होती. गळ्यात पडली, आणि मग माझ्या मागे पाहून राह्यली, अजून कोणी उतरते का म्हणून. तुझा व्हिसा माझ्यासोबतच लागला होता. तिकीट काढायच्या दिवशी तू नाई म्हणालीस. काऊन, ते अजून बराबर सांगितलं नाईस.

दोघांचा तुले सलाम. लोभ आहेच, तो सिंदेवाहीच्या उन्हात आटू देऊ नको.

तुझा भाई,
लियाकत

•

सिंदेवाही
२ जून

ती. लियाकतभाईस,
नूरीचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र रुखमानं मोबाईलवर मोठं करून दाखवलं. पायजम्याचं वाचून आम्ही दोघी मशीनवर डोकं ठेवून हसलो. हे असंच बरं आहे, भाई. फोनवर तुम्ही गळा फाडून ओरडता आणि मले नुसती भुणभुण कळते. मी कागदावर लिहीन, रुखमा फोटो काढून पाठवीन.

इथी पारा शेहेचाळीस. दुपारी मशीनच्या चाकाले हात लावला की चटका बसते. कूलरले नवा वाळा बसवला, तर दुकानात कपडे शिवायले कमी आणि बसायले जास्त बाया येऊन राह्यल्या. दोन शाळांचे गणवेश घेतले आहेत. रुखमा कापते, मी शिवते. तेवीस तारखेले शाळा उघडते, त्याच्या आत द्यायचे आहेत. आता तुम्हीच सांगा, मी कशी येणार होती?

बरं, खोटं काऊन लिहू. गणवेश तर रुखमा एकटीही पुरे करीन. मले विमानतळाची धास्ती वाटली. तिथी नाव पुकारतात म्हणे, दरवाजा बदलला तर सांगतात. मी ऐकणार कशी? बसून राहीन तिथंच आणि विमान निघून जाईन. कानाची मशीन लावली की गर्दीत साऱ्या जगाची भांडी एकदम पडल्यासारखी वाटतात. आणि तिथी पोचूनही लेकरू रडलेलं ज्या बाईले ऐकू येत नाई, ती बाळंतपणाले काय कामाची?

नाहीदभाभी हयात असत्या तर लेकीचं बाळंतपण त्यांनीच केलं असतं, हा प्रश्नच नव्हता. अंजुमले सांगा, रागावू नको. बॅग सापडली की कळवा. बाहेर निघताना दुपट्टा बांधा आणि खिशात कांदा ठेवा. तेहतीस असो की तीस, ऊन ते ऊनच.

लोभ मागायची गरज नाई, पण मागते.

तुमची,
नूरी

•

बोलोन्या
१४ जून

प्रिय नूरी,
सलाम आणि दुवा.

बकरीदच्या आदल्या दिवशी बॅग आली. लोणच्याची बरणी फुटलेली. माझी सारी पायजमे-बनियनं तेलात. झबली तू प्लास्टिकच्या पन्नीत बांधली म्हणून वाचली, पण वास काही जाईना. अंजुम म्हणे, राहू दे अब्बा, बाळ आल्या आल्या त्याले कळलं पाहिजे की आपण कुठचे.

आता दुसरी गोष्ट. ती वाचून घाबरू नको, सारे ठीक आहेत.

तुझ्या सांगण्यावरून मी दुपट्टा बांधूनच बाहेर जात होतो, आपल्या पद्धतीनं, डोकं-तोंड सारं झाकून, डोळे तेवढे उघडे. इथले लोक रस्ता सोडून बाजूले व्हायले लागले. एका बँकेच्या दारात मी नुसता सावलीले उभा राह्यलो तर आतून पहारेकरीच आला. अंजुमनं मले मऊ आवाजात सांगितलं, अब्बा, इथी तोंड नका बांधू. मले राग आला. म्हणलं, ठीक, उघडा जातो. परवा अडतीस होतं. ऐन दुपारी, बोडक्या डोक्यानं, मी कलिंगड आणायले निघालो. इथी रस्त्यांच्या कडेनं कमानींचे लांबच लांब ओसरे आहेत, सारा गाव त्या सावलीतून चालते. मी चंद्रपूरचा, म्हणून उन्हातून चाललो.

परत येताना आपल्याच दारासमोर डोळ्यापुढे अंधारी आली. कलिंगड फुटलं, मी त्याच्या बाजूले बसलो. खाली तिसऱ्या माळ्यावर ब्रुना नावाची म्हातारी बाई राहते. तिनं खिडकीतून पाहिलं. माझ्याहून वयानं मोठी असन, पण मले काखेत धरून जिन्याखाली सावलीत नेलं, पाय पायरीवर ठेवले, मनगटांवर पाणी ओतत बसली. ती तिच्या भाषेत मले रागवत होती. मी मराठीत म्हणत होतो, बाई, मी शेहेचाळीसच्या गावचा आहे. ती अजून रागवली.

तेवढ्यात आवाज ऐकून अंजुम चारही माळे धावत उतरली. नबील कामावर. मले पाहिलं, आणि कंबर धरून पायरीवर बसली. तिले कळा यायले लागल्या, नूरी. माझ्यामुळे. ब्रुनाबाईनंच फोन करून गाडी बोलावली. दवाखान्यात रात्रभर ठेवलं. बाळ चांगलं आहे, कळा थांबल्या. डॉक्टरीणबाई म्हणे, आराम, पाणी, थंड जागा, आणि जिना अजिबात नाई.

आता ती पडून असते आणि मी तिच्यासमोर खुर्चीवर बसून असतो. काही विचारलं की म्हणते, ठीक आहे अब्बा. बाप म्हणून ती मले अर्धंच सांगते. बाकीचं अर्धं तुझ्यासाठी ठेवून राह्यली, मले दिसते. काल तिनं आपल्या जुन्या फोटोंतला तुझा फोटो काढून उशाशी ठेवला.

तू कानाचं लिहिलंस. मले दोन्ही कानांनी लख्ख ऐकू येते. त्या आगगाडीत साऱ्या सूचना मी शब्द न् शब्द ऐकल्या, आणि एकटा डब्यात बसून राह्यलो. तू ये.

तुझा,
लियाकतभाई

•

सिंदेवाही
१६ जून

ती. भाईस,
सलाम.

येते.

तिकीट पंचवीसचं काढायले नबीलले सांगा. गणवेश त्याच्या आधी देऊन टाकते, रुखमानं आजपासून तिच्या भाचीलेही मशीनवर बसवलं. शाळेतल्या दिव्याबाईंनी मले एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं की मले ऐकू येत नाई, जे सांगायचं ते लिहून दाखवा. दोन भोकं पाडून नाडी घातली आहे. गळ्यात घालीन. लाज काहीची?

अंजुमले सांगा की फुफी रागावली आहे. अशा दिवसांत जिना धावत उतरतात काय? आणि तुम्ही कलिंगड आणायले जाऊ नका. काहीच आणायले जाऊ नका.

नूरी

•

बोलोन्या
१८ जून

प्रिय नूरी,
तुझं पत्र अंजुमले वाचून दाखवलं. पहिल्या ओळीनंतर तिनं मले थांबवलं आणि ती एकच ओळ पुन्हा वाचायले लावली.

विमानात शाल जवळ ठेव, बाहेर भट्टी असते आणि आत बर्फ. लोणचं आणू नको. आणशीलच, तर दोन पन्न्यांत बांध.

वाट पाहणारा,
लियाकतभाई

•

मधलं विमानतळ
२६ जून

ती. भाईस,
सलाम वि. वि.

हे पत्र मी इथल्या काचेच्या भिंतीजवळ बसून लिहून राह्यली. फोटो माझा मीच काढून पाठवते, बोट आलं तर समजून घ्या.

नागपूरचं विमान उशिरा निघालं. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर झोप काढली आणि उतरताना माझीच शाल घेऊन चालला होता, मी ओढून घेतली. इथी उतरली तर हवा अशी की कोणी तोंडावर ओला गरम टॉवेल ठेवला. आपलं ऊन कोरडं असते, निदान घाम तरी वाळते. आत मात्र दात वाजतात. एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत इतकं चालली की चपलेचा अंगठा तुटला. सुई-दोरा पर्समध्ये होता म्हणून बसल्या जागी टाके घातले. ते पाहून एक बाई तिच्या बॅगेचा पट्टा घेऊन आली. तोही शिवून दिला.

मुख्य गंमत सांगते. मले ऐकू येत नाई म्हणून मी त्या मोठ्या पाटीवरून डोळा हलवला नाई. तर एकदम आपल्या विमानापुढचा दरवाजाचा आकडा बदलला. आजूबाजूले पाहिलं, सारे तसेच बसलेले, कोणी डुलक्या घेत, कोणी मोबाईलमध्ये. चपलेच्या टाक्यांमुळे माझी ज्या बाईशी ओळख झाली होती, तिले हात धरून पाटी दाखवली. तिनं तिच्या नवऱ्याले उठवलं, त्यानं अजून कोणाले. आम्ही मोठा घोळका करून चाललो, मी पुढे, गळ्यात पुठ्ठा. नव्या दारावरच्या पोरीनं पुठ्ठा वाचला, आणि मले सगळ्यांच्या आधी आत सोडते अशी खूण केली.

भाई, मले मजा येऊन राह्यली. हे कोणाले सांगू नका.

लोणचं दोन नाई, तीन पन्न्यांत आहे.

तुमची,
नूरी

•

सिंदेवाही
२४ जुलै

प्रिय नूरी,
सलाम, आणि माझ्या सबाले खूप खूप पापे.

व्हिसातले माझ्या मुक्कामाचे दिवस संपले म्हणून निघावं लागलं. नातीले पंधरा दिवसांची ठेवून येताना विमानात मी शालीत तोंड घालून बसलो होतो. हवाईसुंदरीनं दोनदा पाणी आणून दिलं.

तू येईपर्यंत मी इथीच तुझ्या घरी राहतो. घर ठीक आहे. इथी पाऊस धो धो, छत उजव्या कोपऱ्यात गळते, पातेलं ठेवलं. रुखमानं दुकान चांगलं चालवून ठेवलं, मले तिथी फक्त बटणं लावायले बसवते. येणाऱ्या प्रत्येक बाईले मी सबाचा फोटो दाखवतो. रुखमा म्हणे, लियाकतभाई, फोटो पाहून झाल्यावर बाया ब्लाऊज द्यायचा विसरून जातात.

तिथी पुन्हा उन्हाची लाट आली असं नबीलनं सांगितलं. लेकीची आणि नातीची मले फिकीर लागली आहे. घर तापत असन. कसं करून राह्यल्या, सविस्तर लिही.

तुझा,
लियाकतभाई

•

बोलोन्या
१ ऑगस्ट

ती. भाईस,
नूरीचा सलाम वि. वि.

फिकीर करू नका. ऊन आहे, पण आम्हीही आहोत. सकाळी खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून घेते, सूर्य मावळेपर्यंत उघडत नाई. हे ब्रुनाबाईनंच शिकवलं. मी खिडकी उघडी ठेवून हवा यायची वाट पाहत होती, तर तिनं वर येऊन ठाक ठाक साऱ्या झडपा लावल्या. आतमध्ये गॅलरीच्या दारापाशी दोन ओल्या चादरी टांगते आणि मागे नबीलनं कुठून तरी आणलेला टेबलपंखा. दुकानांतले सारे पंखे संपले आहेत, हा त्यानं त्याच्या प्रयोगशाळेतल्या दोस्ताच्या घरून उचलून आणला.

परवा या चादरींचं पाणी गॅलरीतून खाली गळलं, थेट ब्रुनाबाईच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर. ती वर आली, तोंड लाल. बराच वेळ हात उडवून उडवून बोलली. मले त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाई, आलं असतं तरी कळलं नसतं. मी हसून सबाले तिच्या हातात दिलं. ती बोलता बोलता थांबली. मग खुर्ची ओढून बसली. जाताना एक चादर मागून घेऊन गेली. आता खालीही टांगलेली आहे, आणि तिचं पाणी दुसऱ्या माळ्यावर गळते.

अंजुम आता चांगली आहे. जेवते, झोपते. जे तुम्हाले सांगत नव्हती ते सारं मले सांगून मोकळी झाली. ते तुम्हाले कळायची गरज नाई. त्यातलं अर्धं नाहीदभाभीची आठवण होती, एवढं लिहिते. दोघींनी मिळून रडून घेतलं आणि मग लोणच्यासोबत भात खाल्ला. सबाच्या झबल्यांचा वास अजून गेला नाई.

तुम्हाले आठवत असन, मी कानाचं लिहिलं होतं. लेकरू रडलं तर मले कळणार कसं? सबा दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी तीच धास्ती घेऊन तिच्याजवळ पडली, आणि हात तिच्या पोटावर ठेवला. मग समजलं. रडायच्या आधी तिचं पोट एकदम आत जाते, मग छाती फुगते, आणि मग आवाज निघत असन. आवाज निघेपर्यंत मी तिले उचललेलं असते. अंजुम म्हणे, फुफी, तू हिच्याजवळ पडायले लागली तेव्हापासून ही दुपारची रडलीच नाई.

नबील-अंजुमचा सलाम. छताखालचं पातेलं वेळेवर रिकामं करत जा. रुखमाले म्हणा, तुमच्याकडून काजंही करून घे. माया असू द्या, आहेच ती.

अक्षर वाकडं येऊन राह्यलं त्याले कारण आहे. एकाच हातानं लिहून राह्यली, दुसरा हात सबाच्या पोटावर आहे.

पोट आत गेलं. थांबते.

नूरी